आरमारी वैमानिकांची दप्तरे आणि आपली रद्दी

शिरूर कासार समुद्रापासून किती दूर आहे, हे सांगण्यासाठी नकाशा उघडण्याची गरज नाही. पावसाळ्यात सिंदफणेला जे काही पाणी येते, तेवढाच आमच्या तालुक्याचा जलप्रवासाचा अनुभव. अर्धा तालुका दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघून जातो आणि उरलेला अर्धा टँकरची वाट पाहतो. अशा गावात बसून आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक आरमारी वैमानिकांच्या खासगी कागदपत्रांविषयी लिहिणार म्हटल्यावर वाचकांना हसू आले, तर आम्ही ते गैर मानणार नाही. आमच्या स्टाफरूममध्येही आले होते.

निमित्त असे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे आजोबा नौदलात होते. वैमानिक नव्हेत. विमानांची देखभाल करणारे यांत्रिक. १९७१ च्या युद्धात ते 'विक्रांत'वर होते, हे वाडीवर सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणालाच त्याचे काही वाटत नव्हते. ते गेले. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत त्यांची पत्र्याची पेटी उघडली गेली. नातवाचा फोन येईपर्यंत दोन पोती भंगारवाल्याच्या टेम्पोत चढून गेली होती. "सर, वह्यांचा भाव येगळा अन् पेपरचा येगळा असतोय म्हणून आईनं निवडून दिलं," असे तो म्हणाला. त्याच्या आवाजात लाज होती. ती त्याची एकट्याची नव्हे, हे त्याला समजावून सांगायला आम्हांला बराच वेळ लागला. पेटीच्या तळाशी जे चिकटून राहिले होते तेवढे हाती आले: सतरा पत्रे, पाच छायाचित्रे, मनीऑर्डरच्या पावत्यांचा एक गठ्ठा आणि कव्हर नसलेली एक वही.

ही वही म्हणजे विमानांच्या दुखण्यांची नोंद आहे. कोणत्या दिवशी कोणत्या विमानाचे काय बिघडले, काय बदलले, कुणी तपासले. युद्धकाळात अशी खासगी वही ठेवणे नियमात बसत होते का, हे आम्ही कुणाला विचारलेले नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या सकाळी 'विक्रांत'वरून सी हॉक विमाने कॉक्स बाजारवर हल्ल्यासाठी उडाली आणि त्याच दिवशी चितगावही लक्ष्य झाले, हे इतिहासाच्या पुस्तकात मिळते. वहीतल्या त्या तारखेच्या पानावर लढाईचा एक शब्द नाही. एका विमानाच्या पंख दुमडण्याच्या यंत्रणेत तेलगळती, एकाचे चाक बदलले, आणि खाली, वेगळ्या शाईत: 'जेवण उशिरा.' 

आम्ही हे सारे घेऊन एका संस्थेकडे गेलो. नाव घेत नाही, कारण दुसऱ्या दारातही हेच ऐकायला मिळाले असते याची आम्हांला खात्री आहे. तेथील गृहस्थ सौजन्याने बोलले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: अधिकारी होते का? शौर्यपदक होते का? दोन्हींचे उत्तर नाही असे आले, तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि जुन्या कागदांचे हल्ली लोक फार आणतात, जागेची अडचण आहे, असे सांगितले. हवे तर स्कॅन करून सीडीवर द्या, मूळ ठेवून घेता येणार नाही, असेही म्हणाले. प्रस्तुत लेख त्या चहाचे उत्तर आहे.

पहिला मुद्दा साधनांचा. युद्धाचा इतिहास सरकारी दप्तरात सुरक्षित असतो, तेव्हा घराघरांतली चिटोरी कशाला हवीत, असा एक समज सुशिक्षितांत आहे. या समजाला आधार नाही. १९७१ च्या युद्धासंबंधीची पूर्व विभाग मुख्यालयातील बरीच कागदपत्रे नष्ट केली गेल्याचे २०१० साली वृत्तपत्रांतून उघड झाले. मुक्तिवाहिनीच्या तळांची माहिती शोधायला गेल्यावर फाइलीच नाहीत असे लक्षात आले होते. त्याच युद्धाचा संरक्षण मंत्रालयाने लिहवून घेतलेला इतिहास वर्षानुवर्षे अप्रकाशित पडून राहिला आणि २००० साली एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर तो आडवाटेने आला. युद्धदैनंदिन्या, कारवाईचे अहवाल इत्यादी कागद संबंधित दलांनी इतिहास विभागाकडे सोपवावेत आणि साधारणपणे पंचवीस वर्षांत ते खुले व्हावेत, असे धोरण संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले ते जून २०२१ मध्ये, म्हणजे युद्ध संपून जवळजवळ पन्नास वर्षे होत आल्यावर. पूर्वीच जे जळाले किंवा यंत्रातून चिंध्या होऊन निघाले, ते धोरणाने परत येत नाही.

आणि कायदा? १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम, महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम, दोन्ही मुख्यतः सरकारी कागदांविषयी आहेत. माणसाच्या घरातली पेटी जपण्याची सक्ती कायद्यात नाही. ती असावी असेही आमचे म्हणणे नाही. कोणाच्या घरातील पत्रांवर सरकारने हक्क सांगू नये. पण मग ती पेटी ज्यांनी मागून आणावी, विनवून आणावी, त्या संस्थांनी तरी दार उघडे ठेवायला हवे की नको?

वैमानिकाच्या कागदांचे एक वैशिष्ट्य आहे, ते येथे सांगितले पाहिजे. प्रत्येक लष्करी वैमानिकाजवळ उड्डाणांची नोंदवही असते, तिला लॉगबुक म्हणतात. तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा क्रमांक, सोबत कोण, कामगिरी कोणती, दिवसा किती वेळ, रात्री किती वेळ. महिनाअखेर बेरीज करून वरिष्ठांची सही. विमानवाहू नौकेवरच्या वैमानिकाच्या नोंदीत नौकेच्या डेकवर किती वेळा उतरला याचाही हिशेब असतो. ही वही सरकारी शिस्तीने लिहिलेली आणि तरीही खासगी मालकीची. निवृत्तीनंतर ती घरी येते. इतकी काटेकोर आणि इतकी वैयक्तिक अशी साधने इतिहासात थोडी. अंगणात पडलेल्या एका लॉगबुकावरून एखाद्या पथकाच्या कितीतरी दिवसांचा ताळा करता येतो. त्याच्याशेजारी आमच्या वाडीच्या यांत्रिकाची वही ठेवा. लॉगबुकात विमान उडाल्याची नोंद आहे; ते उडण्याजोगे कुणी केले, याची नोंद वहीत आहे. 'विक्रांत' त्या युद्धात बॉयलरच्या बिघाडामुळे पुऱ्या वेगाने धावू शकत नव्हती, हे सर्वश्रुत आहे. संथ चालणाऱ्या नौकेवरून जेट विमाने उडवताना खाली हँगरमध्ये काय चालले असेल, ते नौसेनापतींच्या आठवणींत सापडणार नाही. पदक विचारणाऱ्या गृहस्थांना हेच सांगायचे आमच्याकडून राहून गेले.

आता आपल्या अभिमानाकडे वळू. तो कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत तिच्यावर संग्रहालय होते. २०१२ मध्ये ते सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद पडले. कायमचे संग्रहालय करण्याच्या घोषणा एकामागून एक सरकारांनी केल्या, आणि अखेर २०१४ मध्ये नौका लिलावात विकली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; न्यायालयाने विक्रीला हरकत घेतली नाही. दारूखान्यात तिचे तुकडे झाले. तिच्या पोलादाचा अंश वापरून २०१६ साली एका कंपनीने मोटरसायकल काढली, आणि आमच्या गावच्या चौकातही त्या गाडीवर मुले मोठ्या ऐटीत फिरली. 'विराट'चे तेच झाले. तिला सिंधुदुर्गात निवतीजवळ उभी करून संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ साली मान्यता दिली. २०२० साली ती नौका अलंगच्या तोडणीच्या किनाऱ्यावर पोहोचली. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाला मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींचा पुतळा उभारण्यात आला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला.

या घटना एकत्र मांडून आम्ही कोणावर सूड उगवत नाही. नौका जतन करणे महाकठीण आहे हे आम्हांला कळते. खाऱ्या पाण्यात उभे असलेले हजारो टन लोखंड दर वर्षी पैसा मागते. पण कागद काय मागतो? एक कोरडी खोली, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटांचे काही गठ्ठे, पेन्सिल, एक माणूस. ज्या राज्याने ८५२ कोटींचा संकल्प सोडला, त्या राज्यात तेवढ्याच उत्साहाने नौसैनिकांच्या घरच्या पेट्या मागवल्या गेल्या असत्या, तर 'विक्रांत'च्या आयुष्याचा केवढा तरी भाग वाचला असता. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचे हवाई संग्रहालय १९९८ पासून आहे. सी हॉक, अलिझे ही विमाने तेथे उघड्यावर उभी आहेत आणि सहलीची मुले त्यांच्यापुढे छायाचित्रे काढून घेतात. चांगलेच आहे. पण विमान बोलत नाही.

येथे एक विषयांतर करतो, कारण ते आमच्या मातीचे आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पहिल्या महायुद्धात निजामाने ब्रिटिशांच्या हवाई दलाला विमाने भेट दिली. ज्या ११० क्रमांकाच्या पथकाकडे ती गेली त्याला 'हैदराबाद' हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धातही स्पिटफायर उडवणारे १५२ क्रमांकाचे पथक 'हैदराबाद' याच नावाने ओळखले जाई. संस्थानाचा खजिना कोणाच्या साऱ्यावर भरत होता, हे शिरूर, पाटोदा, आष्टीच्या माणसांना इतिहासकाराने सांगायला नको. त्या भेटीतले एक विमान, डीएच-९ए जातीचे, ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती पडले, बर्लिनच्या संग्रहालयात राहिले, दुसऱ्या युद्धात पोलंडमध्ये हलवले गेले, आणि १९७७ साली ब्रिटिशांनी ते खटपट करून मिळवले. आज ते लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे, निजामाच्या देणगीच्या अक्षरांसह. कोरडवाहू जमिनीच्या महसुलावर उडालेले विमान साठ वर्षांनी शोधून आणणारे लोक, आणि आपल्याच आजोबांची वही किलोवर विकणारे आपण! ब्रिटिशांचे गोडवे गाण्याची आम्हांला हौस नाही. त्यांनी आपले ते जपले, आणि आपले तेही आपले म्हणून जपले, एवढेच.

त्याच युद्धात मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर हा केंब्रिजला शिकलेला तरुण ब्रिटिश हवाई दलाच्या २३ क्रमांकाच्या पथकात सॉपविथ डॉल्फिन विमान उडवत होता. जून १९१८ मध्ये तो फ्रान्सच्या आघाडीवर पडला, जर्मनांच्या कैदेत वारला. त्याची कबर तेथेच अंगार गावच्या दफनभूमीत आहे. १ एप्रिल १९१८ रोजी लष्कराची आणि नौदलाची अशा दोन्ही हवाई शाखा एक होऊन ते दल बनले होते. अशा अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मागितल्यावर मिळतात. मराठी शाळेच्या एकाही वर्गात त्याचे नाव आमच्या कानावर पडले नव्हते, हे आम्ही येथे निमूटपणे नोंदवतो.

आणखी एक उदाहरण, आमच्या व्यवसायाच्या जवळचे. १९१४ पासून फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे ब्रिटिश सेन्सॉरचे कार्यालय वाचत असे आणि त्यांतले उतारे इंग्रजीत भाषांतरित करून अहवालांना जोडत असे. मूळ पत्रे बहुतांशी नाहीशी झाली, भाषांतरे उरली. म्हणजे शिपाई आपल्या बोलीत काय म्हणाला ते गेले, आणि त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्या साहेबाला त्यातले काय महत्त्वाचे वाटले ते राहिले. गावोगावच्या घरी पोहोचलेली मूळ पत्रे कोणी जपली असती, तर आज हा इतिहास सेन्सॉरच्या चष्म्यातून वाचावा लागला नसता. मराठीचे अध्यापक म्हणून हे आम्हांला सर्वांत जास्त लागते. पत्रवाङ्मय हा वाङ्मयप्रकार आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. 'सुंदर पत्रे' शिकवली. परंतु 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' एवढ्या पत्त्यावर बीड जिल्ह्यातून जी आंतरदेशीय पत्रे गेली आणि जी परत आली, त्यांना वाङ्मय म्हणावे की न म्हणावे, याची चर्चाही आम्ही कधी वर्गात केली नाही. त्या सतरा पत्रांतले मराठी पाहा. समुद्राचे वर्णन करायला त्या माणसाजवळ शब्द नव्हते, तेव्हा त्याने लाटांना 'नांगरटीच्या रानासारख्या' म्हटले आहे.

राजवाड्यांचे नाव आपण उठता-बसता घेतो. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली आला, त्यामागे वाईला सापडलेले कागद होते. पुढे हा माणूस गावोगाव हिंडला, वाड्यांच्या माळ्यांवर चढला, कसर आणि वाळवीने खाल्लेले रुमाल सोडून बसला. त्याने कधी कोणाला पदक विचारले नाही. हिशेबाचे कागदही उचलले. आज त्याच्या नावाने संशोधन मंडळ आहे, त्याची जयंती आहे, आणि त्याच्या शिष्यपरंपरेत आपण जागेची अडचण सांगतो.

मूळ कागदच का हवा, स्कॅन का पुरत नाही, याचे उत्तर मराठीच्याच एका पुस्तकात आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा सत्तावनच्या धामधुमीचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला, तो आपल्या हाताने फेरफार करून. पुढची सहा दशके मराठी वाचकाने जे गोडसे वाचले, ते वैद्यांचे गोडसे होते. मूळ हस्तलिखित टिकले होते म्हणूनच दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली ते जसेच्या तसे छापता आले. वैद्यांच्या काळी स्कॅनर असता, आणि त्यांनी आपली शुद्ध प्रत स्कॅन करून मूळ कागद वाटेला लावला असता, तर? स्कॅन करणारा माणूस काय स्कॅन करायचे ते ठरवतो. मनीऑर्डरच्या पावत्या तो वगळतो, कोऱ्या पाठपानांना हात लावत नाही, मध्येच दुमडून ठेवलेला बसचा तिकिटाचा तुकडा झटकून टाकतो. आणि ती सीडी? ज्या काळात आम्ही हौसेने सीडी भरल्या, त्यांतल्या निम्म्या आता आमच्याच विभागातल्या संगणकात उघडत नाहीत. नव्या संगणकांना ती खाचच नसते. स्कॅन जरूर करा, वाचायला सोपे जाते आणि मूळ कागद हाताळावा लागत नाही. पण त्याला मूळ समजू नका.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. तो विद्वानांचा नाही, त्या घरातल्या मुलीचा आहे. "सर, आईला लिहिलेलं परक्यांनी का वाचावं?" असे तिने आम्हांला विचारले. याला उत्तर देताना आम्ही राष्ट्र, इतिहास वगैरे शब्द वापरून पाहिले आणि आमचे आम्हांलाच ते पोकळ वाटले. खरे उत्तर व्यवहाराचे आहे. जगभर जेथे अशी कागदपत्रे ठेवली जातात, तेथे देणाऱ्याला अटी घालता येतात: अमुक पत्रे अमुक वर्षांपर्यंत उघडायची नाहीत, अमुक नाव छापायचे नाही, एखादा कागद घरीच राहील. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २००० साली युद्धातून परतलेल्या साध्या माणसांच्या आठवणी, पत्रे, छायाचित्रे जमवण्याचा प्रकल्प कायद्याने सुरू केला. तेथे हुद्दा विचारत नाहीत. अटी नोंदवण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रूढ नाही, म्हणून घरच्यांपुढे दोनच वाटा उरतात: सगळे देणे किंवा सगळे जाळणे. माणसे जाळणे पसंत करतात, आणि आम्ही त्यांना दोष देत नाही.

दुसरा आक्षेप आमच्या पुरोगामी मित्रांचा. युद्धाचे कागद जपणे म्हणजे युद्धाचे उदात्तीकरण, असे ते म्हणतात. जपानकडे पाहा. युद्धात मेलेल्या विद्यार्थी-सैनिकांची पत्रे आणि टिपणे तेथे १९४९ साली पुस्तकरूपाने निघाली; त्यांत आत्मघाती उड्डाणांवर पाठवलेले नौदलाचे तरुण वैमानिकही आहेत. ते पुस्तक वाचून कोणाला युद्धाचे वेड लागल्याचे ऐकिवात नाही; उलट युद्धविरोधी चळवळीने ते हातोहात नेले. उदात्तीकरण पुतळ्याने होते, चित्रपटाने होते, चौकातल्या फलकाने होते. 'जेवण उशिरा' या दोन शब्दांचे उदात्तीकरण करून दाखवावे. जपायचेच तर सगळे जपले पाहिजे, ही आमची अट आहे: भीती, कंटाळा, वरिष्ठांविषयीची चीड, पगार कापला गेल्याची तक्रार, आणि कॉक्स बाजारच्या धावपट्टीपलीकडे कोण राहत होते याविषयीची शंका असल्यास तीही. मानाचे तेवढे कागद निवडून ठेवणारी संस्था आम्हांला नको.

हे सर्व लिहिताना आमच्या हातून झालेली चूकही सांगून टाकू. वही पहिल्यांदा हाती आली तेव्हा आमच्यातल्या एकाने फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावली. ती लावायची नसते. काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षरे घेऊन निघते. गंजलेल्या टाचण्या आम्ही काढल्या ते बरोबर केले, पण कोणता कागद कशाला टाचलेला होता हे आधी लिहून घेतले नाही, ते चुकले. कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रमसुद्धा पुरावा असतो, हे आम्हांला नंतर वाचून कळले. मराठी एम.ए.च्या दोन वर्षांत आम्हांला संहिताचिकित्सा शिकवली गेली, कागद कसा धरावा हे नाही.

सध्या पेटी आमच्या विभागात आहे. कपाट महाविद्यालयाच्या जमिनीपासून चार बोटे उंच, भिंतीपासून अंतर ठेवून उभे केले आहे, कारण आमच्याकडे वाळवी भिंतीतूनच येते. नातवाने आणि दोन विद्यार्थ्यांनी मिळून यादी केली. ती पेन्सिलीने लिहिली आहे. भंगारवाल्याकडे आम्ही तीनदा जाऊन आलो. पहिली पोती आधीच अहिल्यानगरला गेली होती. दुसऱ्या पोत्यातून त्याने आठ कागद काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. तालुक्यात लष्करात आणि नौदलात राहिलेल्या आणखी काही घरांची नावे मिळाली आहेत. ऊसतोडीहून माणसे परतली की उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्या वाड्यांवर जाणार आहोत. ज्यांच्याकडे अशी पेटी असेल त्यांनी ती आम्हांला द्यावी असे नाही, पण दिवाळीपूर्वी आम्हांला एकदा ती पाहू द्यावी.

सतरांतले एक पत्र मुलीने ठेवून घेतले. ते तिच्या जन्माची बातमी कळल्यावर नौकेवरून लिहिलेले आहे. यादीत बारावा क्रमांक त्याचा होता. त्या जागी आम्ही एक कोरा कागद ठेवला असून त्यावर पत्राची तारीख आणि 'कुटुंबाकडे आहे' एवढे लिहिले आहे.